मूळ मुद्रा आणि विश्वासाची साखळी : दहिसरच्या निमित्तानें

१

दहिसर हें बृहन्मुंबईच्या उत्तर सीमेवरील उपनगर आहे. १९५७ सालीं तें मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. तत्पूर्वीं साष्टी बेटाच्या उत्तर भागांतील तें एक खेडें होतें. सीमेवरच्या गांवाला नाका चुकत नाहीं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईची जकात बंद झाली. तोंपर्यंत दहिसरच्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत आणि प्रत्येकाच्या हातांतील कागद तपासला जाई. नाक्यावरचा कारकून मोटारवाल्यास ओळखत नसे, आणि कागद लिहिणाऱ्यासहि ओळखत नसे. तो ओळखी तो शिक्का. न पाहिलेल्या माणसावर ओळखीच्या शिक्क्यामुळें विश्वास ठेवण्याची ही रीत फार जुनी आहे. आजच्या संगणकीय व्यवहाराचें संरक्षणहि तिच्यावरच उभें आहे. ह्या दोहोंतील नातें तपासावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विषय सुचला तो एका साध्या प्रसंगावरून. दहिसर येथील एका गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांनीं आपल्या जमिनीची मिळकत पत्रिका शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली. महाराष्ट्र शासनानें १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे देण्यास आरंभ केला व पुढें मिळकत पत्रिकाहि त्याच पद्धतीनें मिळूं लागल्या. पत्रिका संगणकावर उघडली तेव्हां स्वाक्षरीच्या जागीं पिवळें प्रश्नचिन्ह व 'वैधता अज्ञात' अशा अर्थाचा शेरा दिसला. चिटणीस चपापले, कागद बनावट आहे कीं काय, असें त्यांना वाटलें. त्याच कचेरींत दुसऱ्या टेबलावर हिशेबाचा प्रोग्रॅम दूरच्या यंत्राशीं जोडणी करण्यास नकार देत होता. 'प्रमाणपत्रावर विश्वास नाहीं' एवढेंच तो सांगे. दुरुस्तीस आलेल्या तरुणानें ती तपासणीच बंद करून टाकली आणि 'आतां चालतंय, काका,' असें म्हणून तो निघून गेला.

ह्या दोन घटना परस्परांच्या उलट आहेत. पहिलींत खऱ्या कागदावर संशय आला. दुसरींत कोणत्याहि तोतयास दार मोकळें झालें. दोहोंचें कारण मात्र एकच: विश्वासाचें मूळ कोठें असतें, ह्याची ओळख तेथें कोणासहि नव्हती.

२

दोन अनोळखी यंत्रें तारेवरून बोलूं लागलीं म्हणजे दोन प्रश्न उपस्थित होतात. बोलणें तिसऱ्याच्या कानीं पडूं नये, हा पहिला. आणि ज्याच्याशीं बोलावयाचें तोच पलीकडे आहे ना, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराची दिशा व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनीं १९७६ सालीं दाखविली. प्रत्येकापाशीं किल्ल्यांची एक जोडी असावी. एक किल्ली सर्वांस उघड व दुसरी स्वतःजवळ गुप्त. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या तिघांनीं १९७७ सालीं ह्या कल्पनेस व्यवहार्य गणिती रूप दिलें. गुप्त किल्लीनें केलेली स्वाक्षरी उघड किल्लीनें कोणासहि पडताळतां येते, आणि मजकुरांतील एक अक्षर बदललें तरी पडताळा जुळत नाहीं.

परंतु ही उघड किल्ली अमक्याचीच आहे हें कोणीं सांगावें? मधल्या एखाद्या लबाडानें स्वतःची किल्ली 'ही पेढीची किल्ली' म्हणून पुढें केली तर सारें गणित बरोबर येऊनहि फसवणूक व्हावयाचीच. ह्या अडचणीवर १९७८ सालीं लोरेन कोनफेल्डर ह्या विद्यार्थ्यानें मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेंतील आपल्या पदवी प्रबंधांत उपाय सुचविला. विश्वासू त्रयस्थानें नांव व किल्ली एकत्र लिहून खालीं आपली स्वाक्षरी करावी. हेंच प्रमाणपत्र होय. १९८८ सालीं 'एक्स ५०९' ह्या मानकानें प्रमाणपत्राचा नमुना ठरला. १९९५ त नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरसाठीं सुरक्षित जोडणीची पद्धत प्रचारांत आणली व १९९९ त 'टीएलएस' ह्या नांवानें तिला सर्वमान्य रूप मिळालें.

आतां प्रमाणपत्र देणाऱ्याची किल्ली तरी खरी कशावरून? त्यावर त्याच्या वरच्याची स्वाक्षरी असते, त्याच्यावर आणखी वरच्याची. ही साखळी कोठें तरी थांबली पाहिजे. जेथें ती थांबते त्यास मूळ प्रमाणपत्र किंवा रूट सर्टिफिकेट म्हणतात. त्याच्यावर सही करावयास वर कोणी नसतो. तें आपल्यावर आपणच सही करतें. अशा सहीनें अर्थातच कांहींहि सिद्ध होत नाहीं. मूळ प्रमाणपत्र विश्वासार्ह ठरतें तें त्याच्यावरील सहीमुळें नव्हे, तर तें आपल्या यंत्रांत आधींपासून, दुसऱ्या वाटेनें येऊन ठेवलेलें असतें म्हणून. मायक्रोसॉफ्ट, ॲपल, मोझिला अशा मोजक्या संस्था ह्या मूळ प्रमाणपत्रांच्या याद्या राखतात व आपल्या प्रणालींबरोबर त्या घरोघर पोंचवितात. जोडणी होतांना प्रोग्रॅमनें चार गोष्टी पाहावयाच्या असतात: साखळी यादींतील मुळापर्यंत पोंचते काय, प्रत्येक कडीची मुदत शिल्लक आहे काय, प्रमाणपत्रावरील नांव आपण हांक मारलेलेंच आहे काय, आणि मधल्या काळांत तें रद्द झालेलें नाहीं ना. ह्यांपैकीं एक गोष्ट वगळली तरी उरलेल्या तीन फुकट जातात. २०१२ सालीं टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, ब्राउझरखेरीज इतर अनेक प्रोग्रॅममध्यें, पैशाच्या व्यवहारांच्या प्रोग्रॅममध्यें सुद्धां, ही तपासणी सदोष होती. दहिसरचा तो तरुण एकटा नव्हता.

३

मराठी कागदपत्रांशीं परिचय असलेल्या वाचकास ही रचना अनोळखी वाटूं नये. शिवाजीमहाराजांची अष्टकोनी संस्कृत राजमुद्रा १६४६ पासूनच्या कागदांवर आढळते. तींत महाराजांचें नांव येतें तें शहाजीराजांचा पुत्र म्हणून. पुढें पेशव्यांच्या शिक्क्यांत प्रथम छत्रपतींचें नांव व त्याखालीं प्रधानाचें, असा क्रम ठरून गेला. म्हणजे शिक्का स्वतःबरोबरच आपल्या वरच्या अधिकाराचा पत्ता सांगत असे. माथ्यावर शिक्का, अखेरीस मोर्तब, आणि कागदाचे बंद एकास एक चिकटविलेले असल्यास मागील बाजूनें सांध्यावर उठविलेला शिक्का, ह्या तिहींमुळें मजकुराचा आरंभ, शेवट व अखंडता यांची हमी मिळे. मधलाच एक बंद काढून दुसरा बसविणें त्यामुळें अवघड होई.

ह्याहून निराळी अशी दुसरी पद्धतहि महाराष्ट्रांत नांदत होती. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे जो महजर होई त्यावर गांवकरी व बलुतेदार साक्षी घालीत. पाटील नांगराची निशाणी काढी, इतर आपापल्या हत्याराची. तेथें वरून आलेल्या एका शिक्क्यापेक्षां परस्परांस ओळखणाऱ्या अनेकांची ग्वाही मोलाची मानली जाई. संगणकाच्या क्षेत्रांत फिलिप झिमरमन यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'पीजीपी' ह्या प्रोग्रॅमची घडण ह्याच जातीची आहे. परंतु गोताची साक्ष गांवाच्या शिवेपाशीं क्षीण होते. परमुलुखांत जेथें पाटलास कोणी ओळखत नाहीं तेथें शिक्काच लागतो. जगभरच्या जाळ्यानें दुसरा मार्ग पत्करला त्याचें कारण हेंच होय.

पेशव्यांच्या काळीं सत्ता पुण्यास होती, पण पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच यावीं लागत. छत्रपति दुर्बळ झाले तरी त्यांच्यावांचून पेशव्याचा शिक्का पुरा होत नव्हता. आजच्या मूळ किल्लीची स्थिति बरीचशी अशीच असते. रोजच्या सहीसाठीं ती बाहेर काढीत नाहींत. जाळ्यापासून तोडून तिला बंदोबस्तांत ठेवतात आणि मधल्या प्रमाणकांस अधिकार देण्यापुरतीच ती वापरतात. रोजचा कारभार मधले करतात. पण त्यांचा अधिकार मुळाकडून आलेला असतो व मुळाला तो काढून घेतां येतो.

अधिकार काढून घेतल्यावर काय होतें, ह्याचें उदाहरण खुद्द साष्टीच्या, म्हणून दहिसरच्याहि, इतिहासांत आहे. १५३४ च्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला होता. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेंत तो मराठ्यांनीं घेतला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथरावांनीं साताऱ्याहून वस्त्रें मिळविलीं. परंतु १८ एप्रिल १७७४ रोजीं नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुरंदरावर पुत्र झाला. बारभाईंनीं पुढच्याच महिन्यांत त्या अर्भकाच्या नांवें वस्त्रें आणविलीं. ह्या क्षणीं रघुनाथरावांचा अधिकार मुळाकडूनच रद्द झाला. तरीहि मार्च १७७५ त सुरत येथें त्यांनीं मुंबईकर इंग्रजांशीं तह केला आणि साष्टी व वसई त्यांस देऊं केली. इंग्रजांनीं तर १७७४ च्या डिसेंबर अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी आधींच बळकाविली होती.

गंमत अशी कीं, पलीकडची कडीहि तुटलेलीच होती. १७७३ च्या नियामक कायद्यान्वयें मुंबईच्या कौन्सिलास कलकत्त्याच्या संमतीवांचून असा तह करण्याचा अधिकार सामान्यतः उरला नव्हता, आणि कलकत्त्यानें तो तह अमान्य केला. दोन्ही सह्यांच्या साखळ्या मुळापर्यंत पोंचत नव्हत्या. असें असून १७७६ च्या पुरंदरच्या तहांत साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती कायमची गेली. ज्या कागदानें दहिसरचें राज्य बदललें म्हणून सांगितलें गेलें तो कागद रद्द झालेल्या शिक्क्याचा होता. रद्द झाल्याची वार्ता सर्वांस ठाऊक होती. पण कागद तपासणाऱ्याचाच त्यांत लाभ होता, आणि मागून आलेल्या बळानें तो कागद खरा करून टाकला.

आजच्या पद्धतीचें हेंच दुबळें अंग आहे. प्रमाणपत्र रद्द झालें तरी त्याची वार्ता प्रत्येक तपासणाऱ्यापर्यंत पोंचली पाहिजे व त्यानें ती मानली पाहिजे. पुष्कळ प्रोग्रॅम ही चौकशी करीतच नाहींत. करतात त्यांपैकीं कित्येक उत्तर न आल्यास 'ठीक असेल' असें समजून पुढें जातात.

४

शिक्का खरा, पण तो लबाडीनें उठविलेला, असें झालें तर? येथें शिक्क्यावरून कांहींच कळत नाहीं. नोंदवही पाहावी लागते. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील इनाम कमिशनला कायद्याचें बळ मिळालें. त्याच्यापुढें इनामदार पिढ्यान् पिढ्या जपलेल्या सनदा घेऊन उभे राहिले. कमिशन विचारी तो प्रश्न असा कीं, देणाऱ्यास ती सनद देण्याचा अधिकार होता काय. ह्या तपासणीसाठीं पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील नोंदी उपयोगांत आणल्या गेल्या. ह्या चौकशीनें अनेक घराण्यांचीं इनामें गेलीं व मोठा असंतोष माजला. न्याय किती व अन्याय किती हा प्रश्न येथें नाहीं. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, हातांतील कागदाहून दफ्तरांतील नोंद प्रबळ ठरली, आणि तें दफ्तर एकाच पक्षाच्या ताब्यांत होतें.

प्रमाणपत्रांच्या क्षेत्रांत हा धडा २०११ सालीं मिळाला. नेदर्लंड्समधील डिजिनोटार ह्या प्रमाणक कंपनीच्या यंत्रांत शिरून कोणीं तरी शेंकडों खोटीं प्रमाणपत्रें काढलीं. त्यांतील एक गूगलच्या नांवाचें होतें, व तें इराणमधील लोकांच्या पत्रव्यवहारावर नजर ठेवण्यासाठीं वापरलें गेलें. साखळी निर्दोष होती. मूळ यादींत होतें. खोटें होतें तें फक्त नांव. बोभाटा होतांच ब्राउझरांनीं त्या कंपनीचें मूळ काढून टाकलें आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत तिचें दिवाळें निघालें. पुढें २०१३ सालीं निघालेल्या प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. आणि ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेलें जें प्रमाणपत्र नोंदवहींत नाहीं, तें क्रोम ब्राउझर स्वीकारीत नाहीं. जुन्या दफ्तराहून हिचा भेद असा कीं, ती कोणासहि उघडून पाहतां येते. आपल्या नांवावर परक्यानें सनद काढली काय, हें आतां ज्याचें नांव त्यालाच शोधतां येतें.

५

भारतापुरतें पाहिल्यास, माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजीं अमलांत आला. डिजिटल स्वाक्षरीस त्यानें कायद्याची मान्यता दिली. त्याच वर्षीं प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक नेमले गेले, आणि त्यांनीं देशाचें मूळ प्रमाणपत्र निर्माण केलें. त्याखालीं परवानाधारक प्रमाणक व त्यांच्याखालीं सही करणारे अधिकारी व नागरिक, अशी उतरंड आहे. मिळकत पत्रिकेवरील सही ह्याच साखळींतील आहे. चिटणिसांच्या संगणकावरील प्रश्नचिन्हाचा अर्थ आतां उलगडतो. सही खोटी नव्हती. परदेशीं तयार झालेल्या त्या वाचन-प्रोग्रॅमच्या यादींत भारताचें मूळ नव्हतें, इतकेंच. कायद्यानें जें मूळ मानलें तें यंत्रास ठाऊक नव्हतें.

परंतु ह्यावरून परक्या यादीकारांस दोष देण्यापूर्वीं २०१४ चें प्रकरण आठवलें पाहिजे. त्या वेळीं भारताच्या नियंत्रकांचें मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादींत होतें. २ जुलै २०१४ रोजीं गूगलच्या ध्यानांत आलें कीं, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या मधल्या प्रमाणपत्राखालीं गूगलच्या नांवांचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघालीं आहेत. नियंत्रकांनीं दुसऱ्याच दिवशीं तीं मधलीं प्रमाणपत्रें रद्द केलीं. केंद्राच्या प्रमाणपत्र देण्याच्या व्यवस्थेंतच कोणाचा तरी शिरकाव झाला होता, असा नियंत्रकांच्या चौकशीचा निष्कर्ष होता. चार प्रमाणपत्रें चुकीचीं निघाल्याचें त्यांनीं कळविलें, तर गूगलच्या म्हणण्याप्रमाणें संख्या त्याहून अधिक होती. त्यानंतर क्रोमनें भारताच्या मुळावरील विश्वास सरकारी व कांहीं ठराविक नांवांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असून तींत हें मूळ नव्हतें. म्हणून त्याच्या वापरणारांस ह्या प्रकरणाची झळ लागली नाहीं. यादींत शिरणें ही केवळ प्रतिष्ठा नसून जोखीमहि आहे, हें येथें दिसतें. एका मधल्या कडीची चूक सबंध मुळास भोवते.

स्वदेशी मूळ हवें कीं नको, हा वाद अद्याप ताजा आहे. ऑगस्ट २०२३ त केंद्र शासनानें भारतीय ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली. ब्राउझरची विश्वासयादी स्वतःची असावी व तींत भारताच्या नियंत्रकांचें मूळ अंतर्भूत असावें, ही तिच्यांतील एक अपेक्षा होती. मार्च २०२५ त झोहो कंपनीच्या संघास पहिलें पारितोषिक मिळालें. आपल्या राज्यांतील कागद आपल्या यंत्रानें ओळखावा ही इच्छा रास्तच आहे. मात्र दुसरी बाजूहि नजरेआड होतां कामा नये. कझाकस्तानच्या शासनानें २०१९ सालीं नागरिकांस सरकारी मूळ आपल्या यंत्रांत बसविण्यास सांगितलें. त्या मुळाच्या जोरावर प्रजेचा बंद पत्रव्यवहार मध्यें उघडून पाहतां येत होता. ब्राउझर कंपन्यांनीं त्याच वर्षीं ऑगस्टांत तें मूळ अमान्य केलें. मूळ ज्याच्या हातीं, त्यास कोणाच्याहि नांवाचा शिक्का करतां येतो. म्हणून मूळ परकें कीं आपलें, ह्या प्रश्नाइतकाच दुसराहि प्रश्न महत्त्वाचा आहे: त्या मुळाची वही कोण तपासतो?

६

सारांश, कागदाचा खरेपणा कागदांत नसतो, आणि सहीचा खरेपणा सहींत नसतो. तो आधीं व दुसऱ्या वाटेनें मिळालेल्या ओळखींत असतो. शिक्क्याची साखळी, रद्द केल्याची वार्ता व उघडी नोंदवही ह्या तिहींनीं ती ओळख राखली जाते. तिहींपैकीं एक ढळली कीं सुरतेचा तह घडतो.

दहिसरच्या त्या कचेरींत पुढें काय झालें तें सांगून लेख संपवितों. चिटणिसांनीं नियंत्रकांच्या संकेतस्थळावरून भारताचें मूळ प्रमाणपत्र घेतलें, त्याचा अंगठा, म्हणजे त्यावरून गणितानें काढलेली खूण, दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या खुणेशीं अक्षरशः ताडून पाहिला, आणि मगच कागद वाचण्याच्या प्रोग्रॅमपुरता तो विश्वास नोंदविला. प्रश्नचिन्ह गेलें. हिशेबाच्या प्रोग्रॅमचें मूळहि पुरवठादाराकडून मागवून रीतसर बसविलें आणि बंद केलेली तपासणी पुन्हां चालू केली. सगळ्यास अर्धा दिवस लागला. तपासणी बंद करावयास त्या तरुणास अर्धा मिनिट लागला होता. नाक्यावरील कारकुनानें डोळे मिटून मोटारी सोडल्या असत्या तर रांग कधींच लागली नसती; पण मग नाका कशासाठीं होता, हेंहि कोणास सांगतां आलें नसतें.